धुराड्यांच्या मुंबईला सह्याद्रीचे पाणी

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव घेतले की पोलाद, ताजमहाल हॉटेल आणि बंगळुरूची विज्ञान संस्था या तीन गोष्टी चटकन आठवतात. चौथी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. खालापूर तालुक्यातील खोपोली-कुंभिवलीच्या पट्ट्यात घाटावरचे पाणी उतरवून त्यापासून वीज निर्माण करण्याचा आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवण्याचा संकल्प त्यांनी केला होता. स्वस्त ऊर्जा हा त्या संकल्पाचा व्यापारी हेतू होता. पण त्याचा आणखी एक परिणाम होणार होता. गिरणगावावर दिवसरात्र पसरणारा कोळशाचा धूर त्यामुळे हटणार होता. त्या धुरातील काजळी किती घातक आहे, हे कळण्याइतके विज्ञान जमशेटजींच्या हयातीत पुढे गेलेले नव्हते. त्यामुळे त्यांच्या या कामाचे पुरते मोल कळायला पुढची अनेक दशके जावी लागली.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. घराण्याची परंपरा पारशी धर्मोपदेशकांची. वडील नसरवानजी यांनी ती वाट सोडून मुंबईत व्यापार सुरू केला आणि मुलालाही मुंबईला आणले. एल्फिन्स्टनमधील शिक्षण १८५८ साली संपल्यावर जमशेटजी वडिलांच्या पेढीत शिरले. पुढच्याच वर्षी ते हाँगकाँगला गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले तेव्हा मुंबईत पैशांचा पूर आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो ओसरला. त्या पडझडीत नसरवानजींची पेढीही सापडली. तेव्हा इंग्लंडमध्ये असलेल्या तरुण जमशेटजींना देणेकऱ्यांना तोंड द्यावे लागले. या अनुभवाने ते सावध झाले, भित्रे मात्र झाले नाहीत. १८६८ साली २१,००० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली.

पुढच्याच वर्षी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी त्यांनी विकत घेतली, तिचे कापडगिरणीत रूपांतर केले आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. लँकेशायरमध्ये जाऊन त्यांनी कापडधंद्याचा बारकाईने अभ्यास केला. मुंबईत गिरण्यांची गर्दी वाढत असताना त्यांनी नागपूरची निवड केली, कारण तिथे कापूस जवळ होता, बाजारपेठ जवळ होती आणि वरोऱ्याच्या खाणीतला कोळसाही फार दूर नव्हता. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी, अपघाताची भरपाई, कामाच्या जागी हवा खेळती राहावी यासाठी यंत्रणा अशा गोष्टी या गिरणीत कायद्याची सक्ती येण्यापूर्वीच आल्या. १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल घेतली आणि स्वदेशी मिल उभी केली. अशा रीतीने मुंबईच्या धुरात त्यांच्याही धुराड्याची भर पडली, हे विसरून चालत नाही.

त्या काळातील गिरणी म्हणजे आधी बॉयलर आणि मग माग. पहाटे भट्टीत कोळसा ढकलला जाई, पाण्याची वाफ होई, वाफेवर एक अजस्र इंजिन फिरे आणि त्याच्या चाकावरून दोरांनी व पट्ट्यांनी शेकडो यंत्रांना गती मिळे. मुंबईजवळ कोळशाची खाण नाही. तो कधी इंग्लंडहून जहाजाने, तर पुढे बंगालच्या खाणींतून दीर्घ प्रवास करून येई. म्हणून येथील गिरणीमालकाला इंधन महाग पडे. शहराला त्याची किंमत वेगळ्या रूपाने चुकवावी लागे. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत गिरण्या आणि चाळी एकमेकींना खेटून होत्या. धुराडी उंच बांधावीत म्हणजे धूर दूर जाईल, एवढाच तेव्हाचा उपाय होता. धूर दूर जाई, पण नाहीसा होत नसे. संध्याकाळच्या थंड हवेत तो पुन्हा चाळींच्या छपरांवर उतरे.

हा धूर नेमका काय होता? कोळसा, लाकूड, तेल, सगळ्यांच्या मुळाशी कार्बन आणि हायड्रोजन ही दोन मूलद्रव्ये असतात. पुरेसा प्राणवायू आणि पुरेशी उष्णता मिळाली तर त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी होते. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अर्धवट राहते. इंधनाचे तुकडे झालेले रेणू ज्वालेतच पुन्हा एकमेकांना जोडले जातात आणि सहा-सहा कार्बन अणूंची वलये तयार होतात. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे ही वलये एकमेकांना चिकटून दोन, तीन, पाच, सहा वलयांचे हायड्रोकार्बन बनतात. धूर थंड होऊ लागला की त्यांतील जड रेणू काजळीच्या सूक्ष्म कणांवर बसतात. हे कण इतके बारीक असतात की नाकातील केस आणि घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि पाठीवरचे विष तिथे उतरवतात.

काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध सर्वप्रथम लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली नोंदवला. लहानपणी धुराड्यांत उतरून ती साफ करणाऱ्या मुलांना पुढे अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, असे त्यांच्या लक्षात आले होते. पण ती गोष्ट एका विशिष्ट व्यवसायाची मानली गेली. अंगाला लागलेली काजळी वेगळी आणि शहराने श्वासावाटे घेतलेली काजळी वेगळी, असाच समज एकोणिसाव्या शतकभर राहिला. जमशेटजींच्या मुंबईत धूर हा उपद्रव होता, कपड्यांवरचा डाग होता, खोकल्याचे कारण होता. त्याच्या पोटात दडलेल्या द्रव्याला अजून नाव मिळायचे होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि शहराच्या आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आला. दाटीवाटी, ओल, अंधार आणि कोंडलेली हवा यांविषयी बोलले जाऊ लागले. १८९८ साली शहर सुधारणेसाठी स्वतंत्र विश्वस्त मंडळ स्थापन झाले. याच सुमारास पाण्यापासून वीज निर्माण करण्याचे तंत्र जगभर सिद्ध होत होते. नायगाराची वीज १८९६ साली बफेलो शहरात पोहोचली. भारतात दार्जिलिंगजवळ १८९७ साली छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९०२ साली म्हैसूर संस्थानातील शिवसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे धावू लागली. मुंबईसाठी असे काही करता येईल का, या विचाराला डेव्हिड गॉस्टलिंग यांच्या सूचनेने दिशा मिळाली. लोणावळ्याच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, कड्याखाली कोकणची सपाटी आहे आणि त्या सपाटीवरून मुंबई हाकेच्या अंतरावर आहे, ही भूगोलातील साधी गोष्ट जमशेटजींनी हेरली.

अडचण अशी होती की पाऊस चार महिने आणि गिरणी बारा महिने. त्यामुळे वाहत्या धबधब्यावर भिस्त ठेवणे शक्य नव्हते. माथ्यावर धरणे बांधून पावसाळ्याचे पाणी साठवायचे आणि ते वर्षभर जपून खाली सोडायचे, असा आराखडा त्यातून पुढे आला. जमशेटजींच्या हाती त्या वेळी अनेक कामे होती. पोलादाच्या कारखान्यासाठी ते १९०२ साली अमेरिकेला गेले. १९०३ च्या डिसेंबरमध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले आणि विजेच्या दिव्यांनी उजळले. मुंबईत मोटारगाडी बाळगणारे पहिले भारतीय तेच मानले जातात. त्या एका गाडीच्या नळीतून निघणारा धूर पुढे शहराच्या हवेचा केवढा प्रश्न होणार आहे, याची कल्पना त्या पिढीतील कोणालाच असणे शक्य नव्हते.

प्रकृती मात्र साथ देईनाशी झाली होती. १९०४ च्या मार्च महिन्यात पत्नी हिराबाई यांचे निधन झाले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींनीही जगाचा निरोप घेतला. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांना चिरविश्रांती मिळाली. पोलाद, विज्ञान संस्था आणि जलविद्युत ही त्यांची तिन्ही मोठी स्वप्ने तेव्हा कागदावरच होती.

ती प्रत्यक्षात आणण्याचे काम दोराबजी आणि रतनजी या मुलांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. भांडवल देशातच उभे राहिले. १९११ साली लोणावळ्याला धरणाची कोनशिला बसली. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत साठवलेले पाणी कालव्यांनी कड्याच्या कडेपर्यंत आणायचे आणि तेथून पोलादी नळांतून ५०० मीटरहून अधिक खोल खोपोलीला सोडायचे, अशी ही रचना. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याचा झोत पेल्टन चाकांच्या पात्यांवर आदळे, चाके फिरत आणि त्यांना जोडलेली जनित्रे वीज निर्माण करत. ही वीज सुमारे ७० किलोमीटर तारांवरून परळला पोहोचे. वापरलेले पाणी वाया न जाता पाताळगंगेच्या पात्रात जाई. मधल्या काळात, १९१२ साली, मुंबईच्या धुराला आळा घालणारा कायदाही झाला होता. कायद्याने धूर कमी करायला सांगितले आणि खोपोलीने ते कसे करायचे याची वाट दाखवली. १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले.

योगायोग असा की त्याच १९१५ साली टोकियोमध्ये कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा या दोन संशोधकांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. पॉट यांचे निरीक्षण प्रयोगाने सिद्ध झाले. डांबरातील नेमके कोणते द्रव्य हे करते, याचा शोध लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. केवळ कार्बन आणि हायड्रोजन असलेले वायू उच्च तापमानाला तापवूनही कर्करोगकारक डांबर तयार होते आणि यीस्ट किंवा केस जाळूनही ते होते, असे केनवे यांना दिसले. विष कोळशापुरते मर्यादित नव्हते, ते जळण्याच्या पद्धतीत होते. १९३३ साली याच गटाने दोन टन डांबराच्या गाळातून बेन्झोपायरीन हे पाच वलयांचे द्रव्य वेगळे काढले. पुढे ते शहरांच्या हवेतील धूलिकणांवरही सापडले.

हे सगळे ध्यानात घेतले म्हणजे खोपोलीचे महत्त्व वेगळ्या प्रकाशात दिसते. धुराडे उंच करणे म्हणजे विष शेजाऱ्याच्या अंगणात टाकणे. इंधन बदलणे म्हणजे एक अर्धवट आग विझवून दुसरी पेटवणे. खोपोलीने गिरणीच्या दारातली आगच काढून टाकली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. एकामागून एक गिरण्या विजेवर आल्या. १९२५ पासून मुंबईची लोकल विजेवर धावू लागली आणि १९३० पर्यंत कर्जतहून बोरघाट चढणाऱ्या गाड्यांनाही वाफेच्या इंजिनाची गरज उरली नाही.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण बांधले गेले आणि मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. मुंबईचा श्वास मोकळा करण्यासाठी मावळाने आपले घर दिले. हा व्यवहार जमशेटजींच्या पश्चात झाला असला तरी त्यांच्या स्वप्नाच्या हिशेबात तो मांडावाच लागतो. तीच गोष्ट पोलादाची. दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून कोक केल्याशिवाय झोतभट्टी चालत नाही. चंद्रपूरच्या लोखंडावर कारखाना काढण्याचा जमशेटजींचा पहिला बेत वरोऱ्याच्या कोळशापासून चांगला कोक होईना म्हणून सोडावा लागला होता. पुढे जमशेदपूरला १९१२ साली पोलाद निघाले. कोकभट्टीचा धूर हा अनेक वलयांच्या हायड्रोकार्बनचा सर्वांत तीव्र स्रोतांपैकी एक आणि कर्करोगकारक आहे, हे आता सर्वमान्य आहे. मुंबईच्या हवेतून कोळशाचा धूर कमी करणारा आणि कोकभट्ट्यांची पायाभरणी करणारा द्रष्टा एकच होता. एका माणसाच्या आयुष्यात औद्योगिक भारताचे दोन्ही चेहरे असे एकत्र दिसतात.

पुढे मुंबईची भूक पाण्याला पुरेनाशी झाली. १९५६ साली टाटांनाच ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र उभारावे लागले. मोठ्या बॉयलरमधील नियंत्रित ज्वलनात दर किलो इंधनामागे हे हायड्रोकार्बन चुलीच्या किंवा कचऱ्याच्या आगीच्या मानाने फारच कमी निर्माण होतात, हे खरे. पण शहरातील लहान आगी दरम्यान वाढत गेल्या. डिझेलचे ट्रक, बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्या, तंदूर, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, टायर आणि प्लास्टिक, थंडीतल्या शेकोट्या, यांतील प्रत्येक आग अर्धवट आहे. स्रोत कोणता हे ओळखण्याची युक्तीही आता शास्त्रज्ञांच्या हाती आहे. हवेतील कण गाळणीवर पकडून त्यांवरील निरनिराळ्या हायड्रोकार्बनचे परस्परांशी प्रमाण मोजतात. पेट्रोलच्या धुरात सहा-सात वलयांचे रेणू तुलनेने ठळक असतात, लाकडाच्या धुरात वेगळी मिसळण असते, कोळशाची आणखी वेगळी. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखावा तसा कणांवरून धूर ओळखता येतो, फक्त हवेत सगळे ठसे एकमेकांत मिसळलेले असल्याने निष्कर्ष जपून काढावे लागतात.

खुद्द खोपोलीचा परिसरही बदलला. पाणी, वीज, रेल्वे आणि रस्ता यांच्या आधाराने इथे पोलाद, कागद, रसायने यांचे कारखाने आले. खालापूर तालुक्यातील खोपोली, सावरोली, कुंभिवली या गावांच्या शिवारात भातशेतीला लागून शेड उभ्या राहिल्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला आणि घाट चढणाऱ्या अवजड वाहनांचा धूर याच पट्ट्यावर पसरू लागला. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात राब भाजण्याची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. रायगडातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर राबतात. ज्या कुटुंबाच्या घरात विजेचा दिवा सर्वांत उशिरा लागतो, त्याच कुटुंबाच्या फुप्फुसात सर्वांत जवळचा धूर जातो. हिवाळ्याच्या पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तेव्हा मुंबई आणि रायगड यांच्या हवेत भिंत नसते.

२००९ साली देशाच्या हवेच्या मानकांत बेन्झोपायरीनचा समावेश झाला. कणांवरील त्याचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत १ नॅनोग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी ती मर्यादा आहे. २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर आणि २०१३ साली शहरांची दूषित हवाच मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. १९१२ च्या कायद्याने गिरण्यांना जे सांगितले, तेच शतकानंतर बेकऱ्यांना सांगावे लागले.

गिरणी मोठी होती, तिचा मालक ठाऊक होता, तिचे धुराडे दुरून दिसे. म्हणून एका धरणाने आणि एका तारेने ती आग विझवता आली. आजच्या आगी लहान, विखुरलेल्या आणि बहुधा गरिबाच्या पोटाशी बांधलेल्या आहेत. बेकरीतल्या कारागिराला, वीटभट्टीवरच्या मजुराला, ट्रकचालकाला परवडेल असा पर्याय दिल्याशिवाय केवळ हुकमाने त्या विझणार नाहीत. जमशेटजींनी गिरणीमालकांना कोळसा सोडा असे नुसते सांगण्याचा विचार केला नव्हता. कोळशाहून स्वस्त आणि खात्रीची ऊर्जा त्यांच्या दारात नेण्याचा आराखडा त्यांनी आखला होता. खोपोलीची चाके फिरू लागली तेव्हा ते जाऊन ११ वर्षे होत आली होती. लालबागच्या आकाशातून काजळीचा एक थर कमी झालेला त्यांनी पाहिला नाही. पण त्या चाळींत जन्मलेल्या मुलांच्या पुढच्या पिढ्यांनी घेतलेल्या प्रत्येक श्वासात त्या आराखड्याचा थोडा वाटा होता, आणि त्याची किंमत मावळाने मोजली होती.